कोपऱ्यावरच्या घरी झालेली चौकशी

नागपूरच्या कामठी रोडवरून आत वळलं की त्या गल्लीतलं पहिलं घर सिंधूताई बागड्यांचं. पहिलं म्हणून पत्ता विचारणारा प्रत्येक माणूस आधी त्यांच्याच दारात थांबणार. कुरियरवाला असो, मीटर वाचणारा असो, ताई बसल्या जागेवरून हातानं घर दाखवायच्या. पण लग्नाच्या चौकशीला आलेला पाहुणा असला की खुर्ची यायची, पाण्याचा गिलास यायचा, आणि मग बाई सावकाश बोलायला लागायच्या.

नवरा सूतगिरणीत होता. गिरणी बंद पडली, दोन वर्षांनी तोही गेला. तेव्हापासून ताईंचं तिखटाचं काम. भिवापुरी मिरची आणायची, अंगणात वाळवायची, देठं खुडायची, कांडून आणायची आणि ओळखीच्या घरी पाकिटं पोचवायची. त्याच मिरचीवर त्यांनी धर्मेंद्रला शिकवलं. पोरगा आता बिलासपूरला रेल्वेत आहे. फेब्रुवारी लागला की ताई अंगणात, गल्लीच्या अगदी तोंडाशी, मिरचीचा ढीग घेऊन बसलेल्या. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या हातात काय होतं, सगळं त्यांना ठाऊक.

आणि चौकशीच्या कामात बाई पक्क्या मुरलेल्या. गल्लीतल्या अकरा पोरींची लग्नं त्यांच्या शब्दावर जमली, असं लोक म्हणायचे आणि ताई ते नाकारायच्या नाहीत. पोरीचं वय दोन-चार वर्षं कमी सांगायचं. बापाची दारू सुटली म्हणायचं, सुटली नसली तरी. आणि पोरगी बाहेरगावी एकटी राहिली असेल, तर ती राहिलीच नाही, विषय संपला. हे खोटं नाही का, असं कोणी म्हटलं की ताई उसळायच्या. "खोटं काहून? पोरीच्या आयुष्याचा सवाल आहे. वाईट सांगणारे दहा भेटतीन, आपण काहून सांगावं?"

चार दारं सोडून लोणाऱ्यांचं घर. प्रेमानंद लोणारे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, बायको मायाबाई आणि एकुलती एक लेक उन्नती, कॉम्प्युटरची इंजिनिअर. शिकली इथंच. मग तीन वर्षं पुण्याला एका छोट्या कंपनीत होती; ती कंपनी बुडाली तेव्हा परत येऊन इथल्या एका कंपनीत तीन वर्षं. एके सकाळी दहाला सगळ्यांना मीटिंगला बोलावलं आणि साडेदहाला लॅपटॉप काढून घेतले. एकशे दहा पोरं एका झटक्यात घरी! त्याला आता चौदा महिने झाले होते.

लोणाऱ्यांच्या घराला लागूनच वेल्डिंगचं दुकान. इकडं इंटरव्ह्यू सुरू झाला की तिकडं ग्राइंडर सुरू. सिंधूताईंची समोरची खोली रिकामी होती, आणि धर्मेंद्रनं आईशी व्हिडिओवर बोलता यावं म्हणून वायफाय लावून ठेवलं होतं. म्हणून उन्नती नवा घेतलेला लॅपटॉप उचलून तिकडं यायला लागली. अशा रीतीनं, आजकाल नोकरी कशी देतात ते सिंधूताईंनी जन्मात पहिल्यांदा जवळून पाहिलं. पाहिलं आणि हबकल्याच.

पहिल्याच परीक्षेला कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवायला लावली. चारही कोपरे झाले, टेबलाखाली झालं. मग कान दाखव, मनगट दाखव, बाह्या वर कर. "माय वो! नोकरीवर चालली का जेलात चालली पोट्टी?" ताई दाराआड पुटपुटल्या. दीड तास झाला तरी पोरगी हलेना, तेव्हा यांचा जीव राहवेना. चहा केला आणि नेला आत. कप टेबलावर टेकला न टेकला तोच पडद्यावर लाल पट्टी आली आणि परीक्षा बंद पडली. खोलीत दुसरी व्यक्ती आढळली म्हणे! आता सहा महिने त्या कंपनीत अर्जसुद्धा करता येणार नाही.

"अवं, मी सांगते ना त्यायले, चहा घेऊन आली होती म्हणून," ताई रडकुंडीला आल्या.

"कोणाले सांगता काकू? तिकडं माणूसच नाही आहे. मशीन आहे."

ताईंना हे पटायला दोन दिवस लागले. समोर माणूस नाही आणि मशीन परीक्षा घेते, नापासही करते! त्या दिवसापासून इंटरव्ह्यू असला की ताई बाहेर अंगणात बसून पहारा द्यायच्या. भाजीवाल्याला हातानं गप्प करायच्या, भांडणाऱ्या पोरांना डोळे दाखवायच्या. एकदा तर गल्लीतून वाजतगाजत निघालेली हळदीची मंडळी त्यांनी वळवून मागच्या रस्त्यानं पाठवली.

तरी काय उपयोग? एका कंपनीनं पोरीला पाच वेळा पाहिलं. पाच! पाचव्या वेळी साहेब हसून म्हणाला, लवकरच कळवतो. आजतागायत कळवलं नाही. नाही म्हणायलाही त्याच्या बापाचं काय जात होतं? दुसऱ्या एका कंपनीनं चार दिवसांत अख्खा प्रोग्रॅम बनवून मागितला, तोही फुकट. उन्नतीनं जेवणाची शुद्ध न ठेवता बनवला, पाठवला, आणि चार मिनिटांत नकार आला.

"चार मिंटात वाचला त्यायनं?"

"उघडलासुद्धा नसीन काकू."

"मंग बनवाले कायले लावला?"

उन्नतीनं लॅपटॉप मिटला. ताई तोंडाचा आ करून तिच्याकडं बघत राहिल्या. पन्नास पाकिटं तिखट बनवून घ्यायचं आणि पाकीट न फोडताच परत पाठवायचं, असं कोणी त्यांच्याशी केलं असतं तर त्यांनी त्याच्या दारात जाऊन गल्ली गोळा केली असती.

आणि मग फेब्रुवारीच्या शेवटी मुंबईच्या एका कंपनीनं हो म्हटलं. काम घरूनच करायचं. सहा वर्षांचा अनुभव हवा होता. पुण्याची तीन आणि इथली तीन मिळून बरोब्बर सहा. पगार ठरला, मेलवर ऑफरचं पत्र आलं. पत्राच्या तळाशी एक ओळ होती, की उमेदवाराच्या माहितीची पडताळणी पूर्ण झाल्यावरच ही ऑफर पक्की समजावी. उन्नतीनं ती वाचली, प्रेमानंदांनीही चष्मा लावून वाचली. लपवण्यासारखं काही नव्हतंच, मग कोण कशाला घाबरतं? सिंधूताईंना तर फक्त एवढंच कळलं की पोरीला नोकरी लागली. त्यांनी लोणाऱ्यांच्या घरी जाऊन पोरीच्या तोंडात साखर घातली.

आता नोकरीचं मिटलं म्हटल्यावर मायाबाईंच्या जिवाला दुसरा घोर लागला. पोरीनं तिशी गाठली होती. मनोहरराव नावाचे त्यांच्या नात्यातले एक गृहस्थ स्थळं सुचवायचे. त्यांनी उमरेडचं एक घर आणलं. मुलगा मास्तर, माणसं चांगली, पण अट एकच: बाहेर राहिलेली पोरगी नको. मायाबाई हळूच सिंधूताईंकडं आल्या. "उन्नतीले अजून सांगितलं नाही ताई. पण उमरेडचं कोणी विचाराले आलं तर सांभाळून घेजा."

"हे काय सांगणं झालं का मायाबाई? मी बसली आहे ना इथं."

पुढच्याच गुरुवारी दुपारी एक पोरगा मोटरसायकलवरून आला. हेल्मेट काढलं, घाम पुसला, पाठीवरची बॅग पुढं घेतली. ताई मिरच्या खुडत होत्या. त्यांनी जय भीम केला, त्यानंही हसून जय भीम घातला. ताईंनी मनातल्या मनात शिक्काच मारला: हा उमरेडचा.

"काकू, उन्नती प्रेमानंद लोणारे यांच्याबद्दल थोडी चौकशी करायची होती."

"कोणाकडून आले?"

"ते सांगता येत नाही काकू. कॉन्फिडेन्शियल राहते."

ताई गालातल्या गालात हसल्या. चौकशीला आलेला माणूस कधी नाव सांगतो का! त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

पोरगा घाईत होता. मोबाइलमध्ये बघून एकेक प्रश्न विचारायचा आणि उत्तर पुरं व्हायच्या आत बोट दाबायचा. किती वर्षांपासून राहतात? घर स्वतःचं की किरायाचं? घरात कोण कोण? ताईंना सगळं ओळखीचं. मग त्यानं विचारलं, "मॅडमचं कॅरेक्टर कसं आहे?"

"सोनं आहे सोनं. वर मान करून पाहत नाही पोट्टी."

"वय?"

"पंचवीस."

पोरगा जरा थांबला, मोबाइलकडं बघितलं, पुन्हा बोट दाबलं. "नोकरी वगैरे?"

"नोकरीचं काय, हौस आहे तिची. तुम्ही म्हणान तर करीन, नाही म्हणान तर घरी राहीन."

"आणि मधात तीन वर्षं पुण्याला राहत होत्या का?"

ताई चमकल्या. म्हणजे कोणीतरी आधीच तोंड उघडलं! उमरेडपर्यंत पुणं पोचलं! त्यांनी हातातली मिरची खाली ठेवली आणि सरळ त्या पोराच्या डोळ्यांत बघितलं.

"पुण्याले? कोण म्हणते? मी या दारात बसून राहिली तीस वर्षांपासून. ती पोट्टी एक रात्र घराबाहेर राहिली नाही. कोणी सांगितलं असंन तर तो जळतो म्हणून समजा."

पोरानं ते लिहून घेतलं. ताईंचं नाव विचारलं, मोबाइलवर बोटानं सही करायला लावली, लोणाऱ्यांच्या फाटकाचा फोटो काढला आणि गेला. सहीचं ताईंना जरा नवल वाटलं. पण आजकाल स्थळंही मोबाइलवरच बघतात, तसंच काही असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. संध्याकाळी मायाबाईंना सांगितलं, "येऊन गेले उमरेडवाले. घेतलं सांभाळून." मायाबाईंनी समाधानानं त्यांचा हात दाबला.

आठ दिवसांनी उन्नती अंगणात येऊन उभी राहिली. हातात मोबाइल होता आणि चेहरा असा पांढरा पडलेला, की ताईंना वाटलं प्रेमानंदांना काही झालं.

"काय झालं वं?"

"काकू, मागच्या गुरुवारी कोणी आलं होतं का? माझ्याबद्दल विचाराले?"

"आलं होतं ना. उमरेडवाला. तुझ्या आईनं सांगितलं नाही का तुले?"

उन्नतीनं मेल वाचून दाखवला, एकेका वाक्याचं मराठी करून. शेजाऱ्यांच्या सांगण्यानुसार उमेदवार कधीही नागपूरबाहेर राहिलेली नाही. पुण्याचा अनुभव खोटा असल्याचं दिसतं. वयातही पाच वर्षांचा फरक. कंपनी ही ऑफर मागे घेत आहे. आणि सगळ्यात खाली, माहिती देणाऱ्याचं नाव: सिंधू बागडे. नावाखाली बोटानं केलेली ती वाकडीतिकडी सही.

ताईंना आधी काही उमजेचना. "पण तो लग्नाचा होता ना?"

"नाही काकू. कंपनीचा होता. मी खरं बोलली का नाही ते पाहाले आला होता."

"नोकरीवाले घरी येतात?"

"येतात."

"अन् कॅरेक्टर विचारतात?"

"विचारतात काकू."

ताई मिरचीच्या ढिगावरच बसल्या असत्या, पण उन्नतीनं धरून खुर्चीत बसवलं. चौदा महिने! चौदा महिने त्यांनी दाराशी पहारा दिला, भाजीवाल्याला ओरडू दिलं नाही, आणि हातात आलेली नोकरी स्वतःच्या तोंडानं घालवली! "फोन लाव त्यायले. आत्ता लाव. पुण्याच्या तुझ्या कंपनीले विचारा म्हणा!"

उन्नतीनं शांतपणे समजावलं. पुण्याची कंपनी बंद पडलेली, तिथला फोन कोणी उचलत नाही. पगार खात्यात यायचा, पण पीएफ कापायचे नाहीत, त्यामुळं सरकारी नोंद नाही. खोट्या अनुभवाची पत्रं विकणारे लोक गल्लोगल्ली झालेत, म्हणून कंपन्या कोणावर भरवसा ठेवत नाहीत. बँकेचे कागद ती पाठवणार होतीच, पण शेजारीच नाही म्हणत असेल तर कागदाला कोण विचारतं?

"मले माफ कर वं पोरी. मी तुझ्या भल्यासाठी..."

"मले माहीत आहे काकू." उन्नती पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली. "खोटं बोलल्या त्याचं नाही मले. त्या तीन वर्षांत मी सगळं शिकली. एकटी राहिली, एकटीनं काम केलं. माझ्याजवळ दाखवाले तेवढंच आहे. अन् तुम्हाले अन् आईले तेच झाकावंसं वाटलं!"

ती वळली आणि निघून गेली. ताई तशाच बसून राहिल्या. कोणी कानाखाली मारली असती तरी इतकं लागलं नसतं. अकरा पोरी त्यांच्या डोळ्यांपुढं आल्या. कोणी हैदराबादला नर्स होती, कोणी नाशिकला हॉस्टेलवर राहून शिकलेली. सगळ्यांची ती वर्षं ताईंनी याच खुर्चीत बसून पुसून टाकली होती, आणि वर लोकांची शाबासकी घेतली होती.

उन्नतीनं हार मानली नाही. बँकेचे कागद पाठवले, मेलवर मेल टाकले, सतरा-अठरा तरी असतील. तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं: पडताळणी करणारी संस्था त्या शेजारीण बाईंशी एकदा व्हिडिओवर बोलेल. त्या वेळी खोलीत दुसरं कोणी नको.

अशा रीतीनं सिंधूताई समोरच्या खोलीत, उन्नतीच्या खुर्चीत, लॅपटॉपपुढं बसल्या. धुतलेलं लुगडं, कपाळावर घाम. उन्नती बाहेर अंगणात, खिडकीखाली. पडद्यावर एक चष्मेवाली पोरगी आली, नाव अबोली. तिनं आधार कार्ड दाखवायला लावलं. मग खोली दाखवायला लावली. ताईंनी लॅपटॉप दोन्ही हातांनी धरून चारही भिंती दाखवल्या. कान दाखवा म्हटल्यावर पदर सारून कान दाखवले. जीव असा लाजेनं आणि भीतीनं गोळा झाला होता, की स्वतःचं वय विचारलं तेव्हा तेही दोनदा चुकलं. ही पोट्टी चौदा महिने रोज हे कसं करत होती, देव जाणे!

मग ताई बोलल्या. सगळं बोलल्या. उन्नती तीसची आहे, तीन वर्षं पुण्याला होती, कंपनीत कामाला होती.

"मग आधी खोटं का सांगितलं?"

"लग्नाचा माणूस समजली मी त्याले. पोट्टी एकटी राहत होती हे आम्ही सांगत नाही बाई. लपवतो." ताई थांबल्या आणि त्यांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "तुम्ही कुठं राहता?"

"बंगलोरला."

"कोणासंग?"

"एकटीच."

"अन् गाव?"

"नरखेडकडचं."

"मंग गावात काय सांगतात घरचे?"

अबोलीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. बोलली तेव्हा तिची ऑफिसची भाषा गळून पडली होती. "मावशीकडे राहते म्हणून सांगतात काकू. बंगलोरले आमची कोणती मावशीच नाही आहे."

मग अबोली घाईघाईनं म्हणाली, "मी क्लिअर लिहिते. उमेदवाराची माहिती खरी आहे, असंच लिहिते."

ताईंनी दोन्ही हात जोडले. "लय उपकार झाले माय. मंग कधीपासून कामावर येऊ म्हणून सांगू तिले?"

"कामावर..." अबोली अडखळली. "काकू, तुम्हाला कोणी सांगितलं नाही? ती जागा भरली. मागच्या सोमवारीच दुसरं कोणी जॉइन झालं."

ताईंचे डोळे विस्फारले. "मागच्या सोमवारी? मंग आज माझे कान कायले पाहिले तुम्ही?"

"फाईल उघडी राहते ना काकू. ती बंद करावी लागते." एवढं बोलून तिनं मान खाली घातली, आणि पडदा काळा झाला.

लॅपटॉप तसाच सोडून ताई उठल्या. अंगणात आल्या. उन्नती खिडकीखाली भिंतीला टेकून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मायाबाईही केव्हा तरी येऊन फाटकाशी थांबल्या होत्या. समोरच्या ओट्यावरच्या दोन-तीन बायका बोलणं थांबवून इकडंच बघत होत्या.

उन्नतीच आधी म्हणाली, "जाऊ द्या काकू. उद्या अजून दोन ठिकाणी अर्ज टाकते. तिथूनही येतीन कोणी चौकशीले. पण पुढच्या वेळी आधी विचारून घेजा, लग्नाचा आहे का नोकरीचा."

"नाही विचारत," ताई म्हणाल्या. मायाबाईंना आणि ओट्यावरच्या बायकांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या. "कोणाचाही असो. आता दोघायलेही एकच सांगीन."